एका पक्ष्याचीं दोन नांवें

दक्षिण इंग्लंडांतील माळरानावर मे महिन्याच्या अखेरीस सूर्य मावळला, कीं एक विलक्षण आवाज सुरू होतो. त्यांत आलाप नाहीं, तान नाहीं आणि विराम जवळजवळ नाहींच. दूर कोठें तरी जात्याची घरघर चालू असावी, अथवा रहाट अखंड फिरत असावा, तसा तो आवाज मिनिटांमागून मिनिटें चालतो. मधूनच त्याची पट्टी थोडी उतरते, पुन्हां चढते. ऐकणारानें आवाजाच्या रोखानें चालूं लागावें, तों तो भलत्याच बाजूनें आल्यासारखा वाटतो. कारण गाणारा पक्षी फांदीवर बसल्या बसल्या मान फिरवीत असतो. हा पक्षी म्हणजे युरोपांतील रातवा होय. त्याच्या या आवाजाला इंग्रजींत जो शब्द आहे, तो 'चर्र'.

मराठी कानाला हा शब्द परका वाटूं नये. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडला कीं चर्र होतें. वाईट वार्ता ऐकली कीं काळजांत चर्र होतें. परंतु मराठींतील 'चर्र' क्षणाचा आहे, इंग्रजींतील 'चर्र' दीर्घकाळ चालणारा आहे. ध्वनि जवळजवळ तोच, अर्थ मात्र निराळा. केवळ आवाजाची नक्कल करणारा शब्दहि प्रत्येक भाषा आपल्या सांच्यांत ओतून घेते, हें यावरून प्रथमदर्शनींच ध्यानांत येतें.

इंग्रजींत या शब्दाचें एक लहानसें कुटुंबच आहे. चाकाचा किंवा पंखांचा वेग सांगावयाचा असेल तर 'व्हर्र', मांजराचें संतुष्ट घुरघुरणें सांगावयाचें असेल तर 'पर्र', नाकतोड्याची किंवा रातकिड्याची बारीक किरकिर सांगावयाची असेल तर 'चिर्र', आणि रातव्याचा भरीव, घोगरा आवाज सांगावयाचा असेल तर 'चर्र'. मराठीहि हें काम करते. पण तिची रीत वेगळी आहे. ती शब्दाची द्विरुक्ति करते: किरकिर, घरघर, भिरभिर, कुरकुर. इंग्रजी एकदांच उच्चार करते, आणि सारा भार शेवटच्या 'र'वर टाकते. स्वरांचा उपयोग मात्र दोन्ही भाषांत पुष्कळसा सारखा आहे. बारीक आवाजाला इकार, जाड आवाजाला अकार किंवा उकार, हा भेद 'किरकिर' आणि 'घुरघुर' यांत जसा दिसतो, तसाच 'चिर्र' आणि 'चर्र' यांतहि दिसतो.

हे शब्द रूढ झाले त्या काळांत इंग्रजींतील 'र' पुरता जिवंत होता. नाटककार बेन जॉन्सन यानें लिहिलेलें इंग्रजीचें व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत 'र'चा उच्चार सांगतांना जीभ टाळूवर आपटते आणि दांतांशीं थरथरते, असें वर्णन आहे. या अक्षराला त्यानें कुत्र्याचें अक्षर म्हटलें आहे. ही कल्पना मूळ रोमन लोकांची. कुत्र्याच्या गुरगुरण्यांत त्यांना हेंच अक्षर ऐकूं येत असे. पुढें दीडशें वर्षांनीं परिस्थिति पालटली. १७९१ सालीं उच्चारकोश प्रसिद्ध करणाऱ्या जॉन वॉकरनें, लंडनकरांचा 'र' फार मऊ पडला असून कांहीं शब्दांत तो जवळजवळ ऐकूंच येत नाहीं, अशी नोंद करून ठेविली. आज लंडनचा सुशिक्षित मनुष्य 'चर्र' म्हणतो, तेव्हां त्याच्या तोंडून एक लांबट स्वर तेवढा बाहेर पडतो. थरथर कागदावरच राहते. स्कॉटलंडांत मात्र ती जिभेवर अजून आहे. आवाजाची नक्कल म्हणून जन्मलेल्या शब्दानें आपलाच आवाज गमवावा, आणि तरीहि लोकांनीं तो नकलेचा शब्द म्हणूनच ओळखावा, हा भाषेच्या इतिहासांतील एक मौजेचा प्रकार आहे.

नाद आणि नाम यांच्या नात्याचा प्रश्न विद्वानांना फार पूर्वीपासून पडलेला आहे. यास्काचार्यांनीं निरुक्तांत 'काक' या शब्दाचा विचार करतांना, हें ध्वनीचें अनुकरण आहे आणि पक्ष्यांच्या नांवांत असा प्रकार पुष्कळ आढळतो, असें सांगितलें. परंतु त्याच ठिकाणीं त्यांनीं औपमन्यवाचें विरुद्ध मतहि प्रामाणिकपणें नोंदलें. ध्वनीचें अनुकरण म्हणून कांहीं नसतेंच, असें तो म्हणे. ग्रीसमध्यें प्लेटोच्या 'क्रॅटिलस' या संवादांत सॉक्रेटिस 'र' हा वर्ण गतीचें साधन असल्याचें सांगतो. तो उच्चारतांना जीभ सर्वांत अधिक हलते, हें त्याचें कारण. एकोणिसाव्या शतकांत मॅक्स म्युलर यानें १८६१ सालच्या आपल्या लंडन येथील व्याख्यानांत, साऱ्या भाषा आवाजाच्या नकलेंतून जन्मल्या या उपपत्तीची 'भो-भो मत' म्हणून थट्टा केली. आणि १९१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या सोस्यूरच्या व्याख्यानांत तर, असे शब्द संख्येनें थोडे आणि तेहि रूढीनेंच घडलेले, म्हणून त्यांना फारसें महत्त्व देऊं नये, असा निकाल लागला.

भाषेच्या उगमाविषयीं या पंडितांचें म्हणणें बरोबर असेल. परंतु उगमाहून निराळा असा एक प्रश्न राहतोच. नांव देणारानें त्या वस्तूकडे किती लक्ष दिलें होतें? या प्रश्नाला रातव्याचें चरित्र फार चांगलें उत्तर देतें. कारण या एकाच पक्ष्याला युरोपानें दोन प्रकारचीं नांवें दिलीं. एक कानानें दिलें, दुसरें भयानें दिलें.

भयानें दिलेलें नांव अधिक जुनें आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत ॲरिस्टॉटलच्या प्राणिविषयक ग्रंथांत एका डोंगरी पक्ष्याचा उल्लेख येतो. हा पक्षी शेळ्यांच्या सडाला लागून दूध पितो, त्यावरूनच त्याला नांव मिळालें. त्यानें तोंड लावलेला सड आटतो आणि शेळी आंधळी होते, असें लोक सांगतात, असें तेथें म्हटलें आहे. चार शतकांनीं रोमन लेखक प्लिनी यानें हीच गोष्ट आणखी रंगवली. त्याच्या लेखनांत हे पक्षी रात्रींचे चोर बनले, आणि मेंढपाळांच्या गोठ्यांत शिरूं लागले. 'लोक सांगतात' हें शेपूट हळूहळू गळून पडलें आणि आरोप तेवढा उरला. लॅटिन भाषेंत पक्ष्याचें नांव 'कॅप्रिमुल्गुस', म्हणजे शेळ्यांचें दूध काढणारा, असें पडलें. जर्मन, इटालियन, स्पॅनिश आणि इंग्रजी या भाषांनीं याच अर्थाचीं नांवें आपापल्या शब्दांत करून घेतलीं.

हा आरोप निर्माण कसा झाला असावा, हें समजणें कठीण नाहीं. रातव्याची चोंच बाहेरून पाहतां इवलीशी. पण तोंड उघडलें कीं जबडा जवळजवळ कानापर्यंत फाटल्यासारखा दिसतो. त्याच्या कडेनें ताठ केसांची झालर असते. तो पतंग, भुंगे आणि तत्सम रात्रींचे किडे उडतां उडतां गिळतो. जेथें गुरें तेथें किडे, आणि जेथें किडे तेथें रातवा. संध्याकाळच्या अंधुक उजेडांत गुराख्याच्या दृष्टीस काय पडे? शेळ्यांच्या पायांजवळून निःशब्दपणें घिरट्या घालणारी एक करडी सावली आणि तिचें तें मोठें तोंड. दुसऱ्या दिवशीं एखाद्या शेळीचें दूध आटलेलें निघालें, कीं गुन्हेगार ठरलेलाच. सड धरून दूध पिण्याजोगें त्या तोंडांत कांहींच नाहीं, हें पाहण्याचे श्रम कोणीं घेतले नाहींत.

ही चूक पुसून टाकण्याची एक संधि अठराव्या शतकांत आली होती. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५८ सालच्या आपल्या ग्रंथांत प्राण्यांना पद्धतशीर दोनपदी नांवें दिलीं. परंतु त्यानें जुनेंच लॅटिन नांव उचललें आणि युरोपच्या रातव्याला 'कॅप्रिमुल्गुस युरोपियस' म्हटलें. प्राण्यांच्या नामकरणाचे नियम असे आहेत, कीं अर्थ चुकीचा आहे एवढ्या कारणावरून शास्त्रीय नांव बदलतां येत नाहीं. त्यामुळें गुराख्यांच्या संशयाला विज्ञानाचा शिक्का बसला, आणि तो आजतागायत तसाच आहे. ज्यानें शेळी जवळून पाहिली नसेल असा जंगलांतील रातवाहि त्याच कुळांत मोडतो.

कानानें दिलेलीं नांवें खेड्यापाड्यांतून चालत आलीं. इंग्लंडच्या निरनिराळ्या भागांत या पक्ष्याला संध्याकाळीं 'चर्र' करणारा, रात्रीं घरघरणारा, चाक-पक्षी, नेच्यांतील घुबड अशा अर्थाचीं कितीतरी नांवें होतीं. आज इंग्रजींत रूढ असलेलें 'नाइटजार' हें नांवहि यांतलेंच. त्यांतील 'जार' म्हणजे कर्कश खरखर. ज्या घरांत सूत कातण्याचें चाक फिरत होतें, तेथें रातवा चाकासारखा ऐकूं आला. जॉर्ज मेरेडिथ या कवीनेंहि आपल्या 'लव्ह इन द व्हॅली' या कवितेंत त्याला सूत कातावयास बसविलें आहे. पुढें गिरण्या निघाल्या, घरांतील चाकें माळ्यावर गेलीं, आणि चाकावरून पडलेलीं नांवें ऐकणाराला दुर्बोध झालीं. 'चर्र' मात्र टिकला. त्याला कोणत्याहि यंत्राची उपमा लागत नव्हती. पक्षी ओरडला कीं शब्दाचा अर्थ आपोआप कळत होता.

लोकांच्या कानांवर विश्वास ठेवून, पण लोकांच्या भयाची तपासणी करून या पक्ष्याचा इतिहास लिहिणारा पुरुष हॅम्पशर परगण्यांतील सेलबोर्न या गांवीं जन्मला. त्याचें नांव गिल्बर्ट व्हाइट. १७२० सालीं जन्मलेला आणि १७९३ सालीं वारलेला हा पाद्री आयुष्याचा बहुतेक काळ आपल्याच गांवांत राहिला. थॉमस पेनंट आणि डेन्स बॅरिंग्टन या दोघां अभ्यासकांस त्यानें लिहिलेलीं पत्रें 'सेलबोर्नचा निसर्गेतिहास' या अर्थाच्या नांवानें १७८९ सालीं ग्रंथरूपानें निघालीं, आणि तेव्हांपासून तो ग्रंथ इंग्रजी घरांघरांतून वाचला जात आहे.

व्हाइटनें रातवा नीट ऐकला. हा पक्षी संध्याकाळीं इतक्या नेमक्या वेळीं सुरुवात करतो, कीं हवा शांत असतां सुमारे वीस मैलांवरच्या पोर्टस्मथ बंदरांतील संध्याकाळच्या तोफेचा आवाज आणि पक्ष्याचा पहिला नाद हे एकाच वेळीं कानीं पडावे, असें त्यानें लिहिलें. त्या काळीं कित्येकांची अशी समजूत होती कीं हा आवाज पंखांतून निघतो. व्हाइटनें निःशंकपणें सांगितलें, कीं मांजर घुरघुरतें त्याप्रमाणें तो कंठांतून निघतो. एकदां टेकडीच्या उतारावरील गवती झोपडींत तो आणि त्याचे शेजारी चहा घेत बसले होते. एक रातवा येऊन त्या झोपडीच्या शिखरावर बसला आणि त्यानें आपला 'चर्र' सुरू केला. त्या एवढ्याशा जिवाच्या कंठानें सारी झोपडी थरथरूं लागली, आणि मंडळी आश्चर्यानें स्तब्ध झाली. ज्याला हा शब्द नुसता कोशांतून माहीत आहे, त्याला त्यांतील 'र'चें बळ या एका प्रसंगावरून कळावें.

मग व्हाइट आरोपाकडे वळला. सेलबोर्नच्या परिसरांत शेळ्यांची गोष्ट फारशी नव्हती. तेथें दुसराच आरोप होता. रातव्यानें वासराला झडप मारली, कीं वासराच्या पाठीवर सूज येते, पू धरतो आणि तें दगावतें, असें शेतकरी म्हणत. त्यांनीं रोगाला आणि पक्ष्याला एकच नांव दिलें होतें. म्हणजे पुराव्याची गरजच संपली. व्हाइटनें मेलेल्या वासरांची कातडी सोलणाऱ्या माणसाजवळ चौकशी केली. सूज पाठीच्या कण्यालगत असते, हें त्याला कळलें. एका गाईच्या पाठींतून पिळून काढलेली जाड, खरखरीत अळी त्यानें स्वतः पाहिली होती. या पुराव्यावरून त्यानें निकाल दिला, कीं हा रोग एका माशीच्या अळ्यांमुळें होतो आणि पक्षी सर्वस्वीं निर्दोष आहे. ही माशी गुरांच्या पाठीवर अंडीं घालते, अशी त्याची समजूत होती; तीं बहुधा पायांच्या केसांवर घातलीं जातात आणि अळ्या शरीरांतून प्रवास करीत पाठीपर्यंत पोंचतात, हें नंतरच्या संशोधनानें ठरलें. परंतु मूळ निकाल अढळ राहिला. रातवा किडे खाऊन राहतो, म्हणजे त्याच्यापासून गुराख्याला उपद्रव तर नाहींच, झाला तर उपकारच आहे.

एका खेडेगांवांतील पाद्र्यानें दिलेल्या निकालानें साऱ्या देशाचें भय गेलें, असें मात्र झालें नाहीं. यॉर्कशरच्या कांहीं भागांत हे पक्षी म्हणजे बाप्तिस्म्यावांचून मेलेल्या अर्भकांचे भटकणारे आत्मे होत, अशी समजूत एकोणिसाव्या शतकांतहि नोंदलेली आहे. रात्रीचा आवाज आणि न दिसणारा आवाज करणारा, एवढें भांडवल मनुष्याच्या कल्पनेला पुरतें. आपल्याकडेहि टिटवी रात्रीं ओरडली कीं कोणाचें तरी मरण ओढवतें, असें मानणारीं घरें थोडीं नव्हतीं. वास्तविक 'टिटवी' हें नांव तिच्या ओरडण्यावरूनच पडलेलें. आणि ती ओरडते ती बहुधा उघड्या जमिनीवरच्या आपल्या अंड्यापिलांजवळ कोणी आलें म्हणून. कानानें नांव बरोबर दिलें, भयानें अर्थ चुकीचा लावला. दोन्ही देशांत गोष्ट एकच घडली.

विसाव्या शतकांत 'चर्र' या शब्दाला एक अनपेक्षित काम मिळालें. रातवा दिवसा पाहणें जवळजवळ अशक्य. त्याचीं पिसें वाळल्या पानांच्या आणि सालींच्या रंगांशीं इतकीं एकरूप होतात, कीं पायाखालीं येईपर्यंत तो दिसत नाहीं. मग असे पक्षी मोजावयाचे कसे? उत्तर सोपें होतें. डोळ्यांनीं नव्हे, कानांनीं मोजावयाचे. ब्रिटनमध्यें पक्षिअभ्यासकांनीं संध्याकाळीं आणि पहाटेपूर्वीं माळांवर उभें राहून 'चर्र' करणारे नर मोजले. १९८१ सालच्या गणनेंत असे सुमारे २,१०० नर भरले, १९९२ सालीं सुमारे ३,४००, आणि २००४ सालीं सुमारे ४,६००. 'चर्र करणारा नर' ही शास्त्राची मोजणीची एककसंज्ञा झाली. शेतकऱ्यानें कानावर विसंबून जो शब्द केला, तो शास्त्रज्ञानें एक अक्षरहि न बदलतां आपल्या कोष्टकांत बसविला.

या आंकड्यांमागें एक चिंतेचा इतिहास आहे. रातवा घरटें बांधीत नाहीं. मादी उघड्या जमिनीवर दोन अंडीं घालते. त्याला झुडपांचे मोकळे माळ लागतात, आणि एकोणिसाव्या शतकापासून इंग्लंडांतील अशा माळांचा फार मोठा भाग नांगराखालीं, घरांखालीं आणि लागवडीच्या जंगलांखालीं गेला. पुढें याच लागवडींतील झाडें तोडणीस आलीं, मोकळ्या जागा झाल्या, आणि पक्ष्याला पुन्हां आसरा मिळाला. १९८७ सालच्या ऑक्टोबरांतील भयंकर वादळानेंहि दक्षिणेकडील पुष्कळ झाडें पाडून अशा जागा निर्माण केल्या. संख्या वाढली, ती यामुळें. पण ती वाढली हें कळलें, तें मात्र ऐकणारांमुळें.

ध्वनिमुद्रणाचीं साधनें आल्यावर त्या आवाजाची घडणहि उलगडली. कानाला जी अखंड घरघर वाटते, ती वस्तुतः तुटक ठोक्यांची माळ आहे. एका मिनिटांत हे ठोके १,९०० पर्यंत जातात. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसून आलें, कीं ठोक्यांचा वेग आणि चढ-उताराच्या तुकड्यांची लांबी यांवरून एक नर दुसऱ्यापासून वेगळा ओळखतां येतो. म्हणजे ज्याला लोक एकसुरी समजत होते, त्या आवाजांत प्रत्येक पक्ष्याची स्वतःची ओळख दडलेली होती. 'र' हा वर्णहि तसाच आहे. उच्चारतांना तो अखंड वाटतो, पण जिभेच्या तुटक आघातांनींच तो घडतो. शब्द घडविणाऱ्या अनामिक माणसाला यांतलें कांहींहि ठाऊक नव्हतें. त्याच्या जिभेनें मात्र बरोबर तीच गोष्ट केली, जी पक्ष्याचा कंठ करीत होता.

महाराष्ट्रांत आढळणाऱ्या भारतीय रातव्याचा आवाज निराळा आहे. तो 'चर्र' करीत नाहीं. आधीं सुटे ठोके, मग ते जलद होत होत शेवटीं एकांत एक मिसळणारे, अशी त्याची रीत. हिंदुस्थानांत राहणाऱ्या इंग्रजांना तो गोठलेल्या तळ्यावरून घसरत जाणाऱ्या दगडासारखा वाटला, आणि त्यांनीं त्याला 'बर्फ-पक्षी' म्हटलें. ज्या प्रदेशांत तळें कधीं गोठत नाहीं, तेथील पक्ष्याला हें नांव. कारण ऐकणारांच्या कानांत त्यांच्या मायदेशीचा हिवाळा होता. मराठी मुलाला तोच आवाज फरशीवर सोडलेली गोटी टणटणत थांबावी, तसा वाटेल. मराठीनें या पक्ष्याला 'रातवा' म्हटलें. त्यांत आवाजाची नक्कल नाहीं आणि दुधाच्या चोरीचा आरोपहि नाहीं. तो केव्हां भेटतो एवढेंच त्यांत सांगितलें आहे. मारुती चितमपल्ली यांच्या एका पुस्तकाचें नांवहि हेंच आहे.

ॲरिस्टॉटल, प्लिनी आणि लिनियस हीं नांवें जगाला ठाऊक आहेत. 'चर्र' हा शब्द कोणीं प्रथम उच्चारला, हें कोणत्याहि कोशांत सांपडणार नाहीं. तो एखादा मेंढपाळ असेल, एखादी सूत कातणारी स्त्री असेल, रात्रीं वाट चालणारा एखादा मजूर असेल. त्या थोर पुरुषांनीं या पक्ष्याविषयीं दुसऱ्याचें ऐकून लिहिलें. या अनामिकानें पक्ष्याचेंच ऐकलें. म्हणूनच लॅटिन नांवानें दोन हजार वर्षें निरपराध जिवावर चोरीचा आळ ठेविला, आणि त्या गांवठी शब्दाच्या आधारानें आजहि कोणी तरी अंधाऱ्या माळावर वही घेऊन उभा राहतो, आणि तो पक्षी अजून आहे कीं नाहीं, हें ऐकून ठरवितो.